अंडकोषाच्या पिशवीवरच्या खडूसारख्या गाठी: एका शेतकरी भावाच्या प्रश्नाला उत्तर

आलेला प्रश्न थोडक्यात असा. वय ३१, दर्यापूर तालुक्यात कोरडवाहू शेती. नऊ-दहा वर्षांपासून अंडकोषावर कडक गाठी आहेत. आधी दोन-तीन होत्या, आता पंचवीस-तीस झाल्या. दुखत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात एक फुटली आणि खडूच्या भुकटीसारखं पांढरं निघालं. कोणी म्हणतं खर्ऱ्यातला (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणातला) चुना उतरला, कोणी म्हणतं आपल्याकडच्या खाऱ्या पाण्यानं झालं. घरचे मुलगी पाहून राहिले आणि हा भाऊ दर वेळी काहीतरी कारण काढून टाळून राहिला. शेवटी त्यानं तीन गोष्टी विचारल्या: हा कॅन्सर आहे काय, लग्न करता येईल काय, आणि ऑपरेशन केलं तर नामर्द होईन काय?

भाऊ, या तीन प्रश्नांची उत्तरं आधी देतो, कारण त्यांनीच तुमची झोप उडवली आहे. तुम्ही लिहिलेलं वर्णन ज्या आजाराशी जुळतं, तो कॅन्सर नाही आणि पुढे त्याचा कॅन्सर होतो असंही नाही. लग्न करता येईल, मुलं होतील. ऑपरेशनचा मर्दपणाशी संबंध नाही. हे न तपासता लिहितोय, म्हणून एकदा सर्जनच्या हाताखालून जाणं आवश्यक आहे. पण वर्णन इतकं ठळक आहे की माझ्या मनात फारशी शंका नाही.

या आजाराला वृषणकोषाचा कॅल्सिनोसिस म्हणतात. पिशवीच्या कातडीत कॅल्शियमच्या क्षारांच्या गाठी होतात. वैद्यकीय वाङ्मयात त्याचं पहिलं वर्णन १८८३ मध्ये लेविन्स्की यांनी केलं आणि १९७० मध्ये शापिरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला 'इडिओपॅथिक' हे विशेषण जोडलं. म्हणजे कारण सापडत नाही असा. आजार विरळाच आहे. अचलपूर-परतवाडा भागात मी २६ वर्षं सर्जरी करतोय. हर्निया आणि हायड्रोसिल (पिशवीत पाणी भरणं) किती केले याचा हिशोब नाही, पण या गाठींचे रुग्ण दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील एवढेच. मात्र मला वाटतं की आजार विरळ आहे त्याहून जास्त तो लपवला जातो. माझ्याकडे आलेल्यांपैकी एकही जण गाठी सुरू झाल्यापासून पहिल्या पाच वर्षांत आलेला नव्हता. एक काकाजी हर्नियासाठी आले होते, धोतर सोडल्यावर गाठी दिसल्या. म्हटलं, हे कधीपासून? म्हणाले, "वीस-बावीस वर्स झाले असन साहेब. दुखत नाही मंग कोनाले काय दाखवाव?"

आता मुख्य गोष्ट. आपल्या बोलीत 'अंडकोष' हा एकच शब्द दोन वेगळ्या वस्तूंना वापरतात. बाहेरची कातड्याची पिशवीही अंडकोष आणि आत लटकणारी गोळीही अंडकोषच. तुमची सगळी भीती या एका शब्दातून आली आहे. गोळी म्हणजे वृषण. वीर्यातले शुक्राणू तिथे तयार होतात, पुरुषी हार्मोनही तिथूनच येतं. पिशवी ही फक्त तिचं घर आहे. त्या घरातही कातडीच्या आत पातळ स्नायूचा थर असतो, त्याला डार्टोस म्हणतात. थंडीत पिशवी आक्रसते ती त्याच्यामुळे. त्याच्या आत आणखी पडदे, आणि त्या सगळ्यांच्या आत गोळी, स्वतःच्या गुळगुळीत आवरणात. तुमच्या गाठी सगळ्यात बाहेरच्या थरात, कातडीत आहेत. भिंतीच्या गिलाव्याला फोड आले म्हणून आतल्या माणसाला काही होत नाही.

हे घरी करून पाहा. कोमट पाण्यानं आंघोळ करताना पिशवी सैल असते. दोन बोटांच्या चिमटीत गाठीसकट कातडी उचला. गाठ कातडीबरोबर वर येईल आणि गोळी खाली वेगळी, मोकळी, गुळगुळीत लागेल. तसंच लागलं तर बहुधा मी म्हणतोय तेच आहे. पण कडकपणा गोळीतच असेल, कातडी उचलल्यावरही गाठ खाली गोळीला चिकटलेली राहत असेल, किंवा एका बाजूची गोळी दगडासारखी जड वाटत असेल, तर ती वेगळी गोष्ट आहे. तुमच्या वयात वृषणाचा कॅन्सर होऊ शकतो आणि तोही बऱ्याचदा दुखत नाही. असं काही लागलं तर हे उत्तर इथेच सोडा आणि त्याच आठवड्यात दाखवा.

गाठी का होतात, यावर डॉक्टरांमध्ये अजून एकमत नाही. एक मत असं की कातडीत आधी साध्या पुटकुळ्या असतात, त्यात केराटिनचा (कातडीतल्या प्रथिनाचा) चिकट, वास येणारा पांढरा मळ साचतो, हळूहळू त्यात कॅल्शियम बसतं आणि पुटकुळीची भिंत झिजून नाहीशी होते. दुसरं मत असं की काही रुग्णांच्या एकाही गाठीत भिंतीचा मागमूस सापडत नाही, म्हणून कॅल्शियम थेट कातडीतच साचत असावं. तिसरं मत डार्टोसच्या झिजलेल्या स्नायूकडे बोट दाखवतं. माझा कल पहिल्या मताकडे आहे, आणि तो टेबलावर जे डोळ्यांनी दिसतं त्यामुळे. एकाच माणसाच्या पिशवीतली एक गाठ कापली तर आत लोण्यासारखा मळ, शेजारची कापली तर अर्धा मळ अर्धा खडू, तिसरी कापली तर नुसता कोरडा खडू, इतका कडक की सुरीची धार कुरकुरते. एकाच गोष्टीच्या या तीन अवस्था आहेत असं मला वाटतं.

चुन्याचं आणि पाण्याचं आता. खर्ऱ्यातला चुना पोटात गेला तरी तो तिथून निघून पिशवीच्या कातडीत जाऊन बसत नाही. रक्तातलं कॅल्शियम गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथी, मूत्रपिंडं आणि ड जीवनसत्त्व मिळून फार कडक ताब्यात ठेवतात. या आजारात रक्तातलं कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही नॉर्मल असतात, हीच त्याची ओळख आहे. खारपाणपट्ट्यातलं पाणी पिण्यालायक नाही हे खरं. अकोला, अमरावती, बुलढाण्यातली गावं पिढ्यान्पिढ्या तो त्रास भोगताहेत आणि त्यावर जितकं बोलावं तितकं कमीच. पण त्या पाण्याचा दोष या गाठींवर टाकता येत नाही. एकाच विहिरीचं पाणी पिणाऱ्या अख्ख्या गावात हे एकालाच का होतं, याचा विचार केला तरी पुरे. दूध-दही बंद करू नका, कॅल्शियमला घाबरू नका. हा आजार शिवल्यानं पसरत नाही, बायकोला होत नाही, संबंधातून लागत नाही.

खर्रा मात्र सोडा. तो गाठींचं कारण नाही, पण तोंड उघडेनासं होण्याचं आणि तोंडाच्या कॅन्सरचं कारण नक्की आहे. शिवाय तंबाखूतल्या निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि जखम भरायला उशीर लागतो. ऑपरेशन ठरवलंत तर निदान महिनाभर आधी थांबवा, आणि एकदा महिना निघाला की पुढेही राहू शकाल.

तपासण्या फार लागत नाहीत. रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, क्रिएटिनिन आणि साखर, म्हणजे मूत्रपिंडाचा किंवा पॅराथायरॉईडचा आजार नजरेतून सुटत नाही ना हे कळतं. तो असेल तर कॅल्शियम शरीरात इतरत्रही साचू शकतं आणि मग आधी त्याचा इलाज करावा लागतो. कोपर, नितंब, बोटांची टोकं इथेही गाठी असतील, बोटं थंडीत पांढरी-निळी पडत असतील, कातडी ताठरत असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण तो वेगळ्या आजाराचा धागा असतो. पिशवीची सोनोग्राफी करून घ्या. त्यात गाठी पांढऱ्या चमकतात, त्यांच्या मागे सावली पडते आणि आतल्या गोळ्या स्वच्छ दिसतात. तो रिपोर्ट मी रुग्णाला स्क्रीनवर दाखवतो. "हे पाहा तुमची गोळी, हिला काही नाही," असं डोळ्यांनी पाहिलं की माणसाचा चेहरा बदलतो, हे मी अनेकदा अनुभवलंय.

आपल्या भागात आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. विदर्भात, विशेषतः पूर्वेकडे, हत्तीरोग आहे, म्हणून पिशवीला काहीही झालं की गावात आधी त्याचंच नाव निघतं. हत्तीरोगात पिशवीत पाणी भरतं, कातडी जाड होते, थंडी वाजून ताप येतो, जांघेत अवधान येतं, म्हणजे तिथल्या गाठी सुजतात. सुट्या सुट्या कडक गाठी हे त्याचं रूप नाही. दुसरी गोष्ट सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. ऑपरेशनच्या आधी त्याची साधी तपासणी आमच्याकडे प्रत्येकाची होते, कारण सिकलसेलच्या रुग्णाला भूल देताना पाणी, ऑक्सिजन आणि अंगाची ऊब यांची जास्त काळजी घ्यावी लागते. तुमच्या घरात कोणाला असेल तर पहिल्याच भेटीत सांगा.

ऑपरेशन करायलाच हवं काय? नाही. गाठी लहान आहेत, त्रास नाही, मनालाही खुपत नाहीत, तर आयुष्यभर ठेवल्या तरी चालतं. ते काकाजी हर्निया करून गेले, गाठी तशाच ठेवून, आणि त्यात मला चूक वाटली नाही. पण तुमचं तसं नाही. गाठी वाढताहेत, एक फुटली आहे, आणि तुम्ही त्यापायी लग्न टाळताय. मनाचा त्रास हे ऑपरेशनचं पुरेसं कारण आहे, त्याला कमी लेखू नका. हेही खरं की याला गोळी, मलम, इंजेक्शन, काढा असा कुठलाच उपाय नाही. साचलेला खडू औषधानं विरघळत नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो: गावठी इलाज करू नका. चामखीळ जाळतात तसा चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावलेला एक तरुण माझ्याकडे आला होता. गाठी होत्या तिथेच होत्या आणि भोवतालची कातडी जळून सडली होती. आधी तीन आठवडे जखम बरी करण्यात गेले, मग गाठी काढल्या. सुई गरम करून टोचणं, दाबून पिळणं, तेही नको. तुमची फुटली ती आपोआप फुटली आणि पू झाला नाही, हे नशीब. पुन्हा फुटली तर साबण-पाण्यानं धुवा, कोरडी ठेवा. लालसर होऊन दुखायला लागली तर दाखवा.

ऑपरेशनचं आता नीट सांगतो, कारण भीती अज्ञानाची असते. पाच-सात गाठी असत्या तर तेवढ्याच जागी बधिर करून अर्ध्या-पाऊण तासात काढता आल्या असत्या. तुमच्या पंचवीस-तीस आहेत. बधिर करण्याच्या औषधाला माणसाच्या वजनाप्रमाणे मर्यादा असते आणि एवढ्या जागी टोचत गेलं तर ती ओलांडण्याचा धोका असतो. म्हणून पाठीतून इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करणं बरं. तुम्ही जागे असाल, बोलाल, पण दुखणार नाही.

गाठी सुट्या विखुरलेल्या असतील तर प्रत्येकीवर छोटा लंबगोल छेद घेऊन कातडीच्या त्या तुकड्यासकट ती काढतात. एका भागात दाटीनं असतील तर तो कातडीचा पट्टाच काढून टाकतात आणि कडा जवळ आणून शिवतात. पिशवीच्या मधोमध देवानं एक शिवण दिलेली आहे, तिच्या रेषेत छेद घेतला तर व्रण तिच्यातच लपतो. डार्टोसचा थर शक्य तेवढा राखायचा, आणि त्याच्या आत जायचं कामच नसतं. म्हणून गोळीला हात लागत नाही.

रुग्णाला नेहमी वाटतं की एवढं कातडं काढलं तर गोळ्या उघड्या पडतील. पण पिशवीच्या कातडीइतकी ताणणारी कातडी शरीरात फारशी कुठे नाही. हायड्रोसिल ती नारळाएवढा सहज पेलते, मग त्याच ताणाचा उपयोग आपण उलट्या कामासाठी करून घेतो. निम्म्याहून जास्त कातडी काढूनही उरलेलीत दोन्ही गोळ्या आरामात बसतात. पहिले काही महिने पिशवी घट्ट वाटते, मग सैल होत जाते. रक्तपुरवठाही भरपूर आहे, त्यामुळे जखम लवकर भरते.

त्याच रक्तपुरवठ्याची दुसरी बाजू म्हणजे तिथे रक्त साचतं. कातडी सैल असल्यामुळे एक बारीक रक्तवाहिनी गळत राहिली तरी पिशवी सुजून मोठी होते. म्हणून शिवण्याआधी प्रत्येक बारीक वाहिनी थांबवण्यात आम्ही वेळ घालवतो, गरज वाटली तर एक-दोन दिवस रबरी नळी ठेवतो. आणि म्हणूनच तुम्हीही सांगितलेलं पाळायचं. माझा एक रुग्ण चौथ्या दिवशी मोटरसायकलवर बाजारात गेला आणि संध्याकाळी काळीनिळी पिशवी घेऊन परत आला. टाके उघडून साचलेलं रक्त काढावं लागलं, आणि बरं व्हायला दोन आठवडे जास्त लागले.

माझी स्वतःची एक चूकही सांगतो, कारण तुम्ही सर्जन निवडाल तेव्हा ती कामाला येईल. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका रुग्णाच्या मोठ्या गाठी काढल्या आणि मोहरीएवढ्या बारीक चार-पाच सोडून दिल्या. वाटलं, दिसतही नाहीत. तीन वर्षांनी तो परत आला तेव्हा त्याच चार-पाच बोराएवढ्या झाल्या होत्या. त्याला वाटलं आजार उलटला. खरं म्हणजे मीच तो मागे ठेवला होता. हा आजार परत येतो तो बहुतेक वेळा मागे राहिलेल्या बारीक गाठींमधूनच. तेव्हापासून मी भूल देण्याआधी चांगल्या उजेडात कातडी ताणून, बोटानं चाचपून प्रत्येक गाठीवर पेननं खूण करतो, आणि रुग्णालाही विचारतो, तुम्हाला आणखी कुठे लागते काय. त्याला त्याची पिशवी माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असते. तुमच्या सर्जनला विचारा, "बारीकही काढणार ना?" उत्तर ऐका. तरीही काही वर्षांनी एखादी नवी गाठ येऊ शकते, हे मी लपवणार नाही. ती बधिर करून दहा मिनिटांत निघते.

काढलेल्या गाठी फेकू द्यायच्या नाहीत, पॅथॉलॉजीला पाठवायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली कॅल्शियमचे निळसर-जांभळे ढिगारे दिसतात, आणि फॉन कोसा नावाच्या रंगानं ते काळे होतात. हा रिपोर्ट हातात आला म्हणजे कॅन्सरची शंका कागदावरच मिटते. तो जपून ठेवा.

खर्चाची अडचण असेल तर अकोल्याच्या किंवा यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सर्जरीच्या ओपीडीत जा. हे काम तिथे होतं. लाजायचं कारण नाही. त्या खोलीत दिवसभर लोक यासाठीच कपडे सोडतात. बाई डॉक्टर असतील आणि तुम्हाला अवघड वाटत असेल तर पुरुष डॉक्टरांना बोलवा म्हणून सांगता येतं, कोणी वाईट मानत नाही.

नंतरचं असं. एक-दोन दिवस दवाखान्यात. तीन-चार दिवस दुखेल, ते साध्या गोळ्यांनी भागतं. टाके विरघळणारे असतात, दोन-तीन आठवड्यांत आपोआप गळून पडतात. दोन दिवसांनी आंघोळ, पण पिशवी पुसून कोरडी करायची. वखर, डवरा, पाठीवरचा फवारणी पंप, पोती उचलणं आणि मोटरसायकल तीन आठवडे बंद. संबंध महिनाभर नको. ताप आला, पू आला, किंवा पिशवी एकदम सुजली तर वाट पाहू नका.

मुलीला सांगावं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण ते मनात असणार. ऑपरेशन होऊन रिपोर्ट आला की सांगण्यासारखं उरतं ते एवढंच की कातडीवर गाठी होत्या, काढल्या. मी तुमच्या जागी असतो तर लग्न ठरल्यावर तिला स्वतः सांगितलं असतं, कारण बाहेरून कळण्यापेक्षा ते बरं. आधी तपासणी होऊ द्या, म्हणजे सांगताना तुमचाही आवाज हलणार नाही.

वेळेचं बोलायचं तर मे महिना टाळा. पंचेचाळीस डिग्रीत घामानं टाके ओले राहतात आणि जखम चिघळते. आता सोयाबीन निघालंय, कापूस उभा आहे. शेवटची वेचणी आटोपली की जानेवारी-फेब्रुवारीत करून घ्या, मृगापर्यंत शेताच्या कामाला तयार व्हाल. तपासणी मात्र त्यासाठी थांबवू नका, ती याच आठवड्यात करा. आणि भरती व्हायला जाताना सुती लंगोट घेऊन जा, दोन. एक धुतला तर दुसरा बांधायला हवा. पिशवी वर उचलून धरली की सूज कमी येते.